पहिल्या डोसला येतात, दुसऱ्याला येत नाहीत: अफवा खोडण्याआधी काय तपासावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वस्तीत ‘लसीमुळे पुढे मूल होत नाही’ असं सांगणारा व्हिडिओ फिरतोय, काही जण ऑटिझमची (स्वमग्नतेची) भीती घालतायत. तुम्ही पत्रकं वाटली, बालरोगतज्ज्ञांचं व्याख्यान ठेवलं. तरीही पेंटाव्हॅलंटच्या (पाच आजारांवरच्या एकत्र लसीच्या) पहिल्या डोसला आलेली बाळं दुसऱ्या-तिसऱ्याला गळतात ती गळतातच. म्हणून अफवा खोडून काढणारं जास्त प्रभावी साहित्य कोणतं, असं तुम्ही विचारलंय.

साहित्याचं नंतर पाहू. ही बाळं पहिल्या डोसला आली होती, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची माहिती आहे. लसीने वंध्यत्व येतं यावर ज्या घराचा खरोखर विश्वास बसलाय, ते पहिल्या डोसलाही फिरकत नाही. एकदा आलेलं घर परत येत नाही, तेव्हा मधल्या चार आठवड्यांत काय झालं ते शोधावं लागतं. बहुतेक वेळा झालेलं असतं ते एवढंच: रात्री बाळाला ताप भरला, मांडी सुजली, ते तासभर रडत राहिलं. असं होऊ शकतं हे आईला कुणी सांगितलं नव्हतं. घरातल्यांनी विचारलं, “चांगल्या बाळाला कशाला टोचून आणलंस?” तिच्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या आठवड्यात व्हिडिओ आला आणि त्याने तयार उत्तर पुरवलं. तुम्ही व्हिडिओ कितीही खोडून काढा, त्या रात्रीचं काय, हे तसंच राहतं.

हा माझा अंदाज आहे, तो तुमच्या नोंदवहीवर तपासून घ्या. पहिला डोस घेतलेल्या मुलांच्या संख्येतून तिसरा डोस घेतलेल्यांची संख्या वजा करा, आलेल्या फरकाला पहिल्या डोसच्या संख्येने भागा आणि शंभरने गुणा. हा गळतीचा दर. तो १० टक्क्यांच्या वर गेला की सेवेत किंवा बोलण्यात कुठेतरी खोट आहे असं धरून चालतात. पहिलाच डोस कमी मुलांनी घेतला असेल, तर मात्र मामला वेगळा. तिथे एकतर लसीकरणाचं सत्र लोकांपर्यंत पोचत नाही, किंवा सत्र भरवणाऱ्यांवरच लोकांचा भरवसा नाही. खाली लिहिलेलं बरंचसं गळतीसाठी आहे. भरवशाचा प्रश्न असेल तर त्याला महिने लागतात आणि त्याची सुरुवात लसीपासून होतही नाही.

पुढचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून चालत नाही. ड्यू लिस्ट, म्हणजे लस द्यायची असलेल्या मुलांची यादी, घ्या आणि राहिलेल्या प्रत्येक मुलापुढे एका शब्दात कारण लिहा. घरी जाऊन किंवा फोनवर विचारून लिहायचं, अंदाजाने नाही. समजा यादीत ४० मुलं आहेत. काही कुटुंबं गावाला गेलेली निघतील. काहींच्या आईला सत्राच्या वेळेत कामावरून सुटता येत नसेल. काहींचं कार्ड हरवलंय आणि त्यावरून बोलणी बसतील म्हणून ती येत नाहीत. काहींना तापाची धास्ती आहे, काही नुसतीच ‘बघू’ म्हणतायत, आणि काहींचा ठाम नकार आहे. ठाम नकाराची घरं यादीत सहसा सगळ्यात थोडी असतात आणि आपला सगळा वेळ तीच खातात. तो वेळ ‘बघू’वाल्यांना आणि ताप पाहून घाबरलेल्यांना द्या; वळण्यासारखी माणसं तिथे आहेत.

या यादीत आपल्याच चुकाही सापडतात. बाळाला साधी सर्दी आहे म्हणून सत्रावरून परत पाठवलं, ही त्यातली नेहमीची. सर्दी, किरकोळ खोकला, अंगाला थोडी कसर, सौम्य जुलाब यांसाठी लस पुढे ढकलायची गरज नसते. परत पाठवलेली आई त्यातून असा अर्थ काढते की लस इतकी जहाल आहे की सर्दीतल्या बाळाला सोसणार नाही. म्हणजे अफवेला पाया आपणच घालून दिला. दुसरी चूक उशिरा आलेल्यांवर खेकसण्याची. राहिलेला डोस असेल तिथून पुढे देता येतो, पेंटाव्हॅलंटसारख्या लसी पुन्हा पहिल्यापासून सुरू कराव्या लागत नाहीत. हे एवढं एक वाक्य वस्तीत पोचवलं तरी काही घरं परत येतात.

आता लस टोचण्याच्या टेबलाबद्दल, कारण माझ्या मते आरोग्यशिक्षणाची सगळ्यात चांगली जागा ती आहे. सभागृह नाही, भिंत नाही. तिथे आई समोर असते, बाळ मांडीवर असतं आणि प्रश्न ताजा असतो. सुई टोचण्याआधी दीड-दोन मिनिटं बोलणं पुरतं, पण ते नेमकं हवं. उदाहरणार्थ असं:

“ताई, आजची लस पाच आजारांची आहे: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब नावाच्या जंतूमुळे होणारा मेंदूज्वर-न्यूमोनिया. आज संध्याकाळी किंवा रात्री बाळाला ताप येऊ शकतो. बऱ्याच बाळांना येतो. मांडी लाल होईल, हाताला गाठ लागेल, बाळ किरकिर करेल. दोन दिवसांत उतरतं. अंगावरचं पीत राहू दे. गाठ चोळू नका, तिच्यावर काही लावू नका, फार तर ओला गार कपडा ठेवा. तापाचं औषध किती मिली द्यायचं ते मी बाळाच्या वजनावरून कार्डवर लिहून देतेय.”

यातल्या औषधाच्या वाक्याला सोपं समजू नका. पॅरासिटामॉल वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत साधारण सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. सहा किलोच्या बाळाला एका वेळी ६० ते ९० मिलिग्रॅम. गडबड होते ती बाटलीत. लहान मुलांच्या ड्रॉप्समध्ये बऱ्याचदा एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, आणि ‘१२० मिलिग्रॅम’च्या सिरपमध्ये हे १२० मिलिग्रॅम पाच मिलीत मिळून असतं. सिरपचं माप ड्रॉप्सला लावलं तर डोस चौपट होतो. म्हणून ‘तापाचं औषध द्या’ एवढ्यावर भागत नाही. घरात कोणती बाटली आहे ते विचारून त्या बाटलीचं माप लिहून द्यायचं. मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल तर औषध डॉक्टरांना विचारूनच.

मग धोक्याची लक्षणं, आणि ती अगदी मोजकी सांगायची: श्वासाला त्रास, तोंडावर सूज, आकडी, बाळ लुळं किंवा पांढरं पडणं, तीन तासांपेक्षा जास्त न थांबणारं रडणं, दोन दिवसांनंतरही राहिलेला ताप. यातलं काही दिसलं तर कुठे जायचं आणि कुणाला फोन करायचा, तेही त्याच कार्डवर. टोचल्यावर अर्धा तास सत्रावर थांबायला सांगतो ते तीव्र ॲलर्जीसाठी. ती लाखो डोसांत एखाद्याला होते, पण झाली तर बहुधा पहिल्या काही मिनिटांतच होते, आणि औषध हाताशी असलं तर आवरता येते. थांबायचं कारणही सांगा. नुसतं ‘थांबा’ म्हटलं की काहीतरी लपवतायत असं वाटतं.

प्रत्येक लसीनंतर त्रास दिसायची वेळ वेगळी असते आणि अफवांना नेमकी तीच फट सापडते. पेंटाव्हॅलंटचा ताप त्याच दिवशी येतो. गोवर-रुबेलाच्या लसीचा ताप आणि पुरळ सातव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास उमटतं, तोवर आई सगळं विसरलेली असते. बीसीजी या क्षयरोगावरच्या लसीच्या जागी दोन ते सहा आठवड्यांनी फोड येतो, कधी पाणी किंवा पू दिसतो, आणि काही महिन्यांत व्रण राहून तो बरा होतो. आधी सांगितलेलं असेल तर तोच फोड पाहून आई म्हणते, “सिस्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं.” न सांगितलेला फोड वस्तीभर फोटोतून फिरतो.

बोलून झाल्यावर ‘समजलं ना?’ विचारू नका. मान सगळेच डोलावतात. त्याऐवजी विचारा, “रात्री ताप आला आणि घरी आजींनी विचारलं की हे कशामुळे झालं, तर काय सांगाल?” आई तिच्या शब्दांत जे सांगते त्यावरून आपलं बोलणं पोचलं का ते कळतं, शिवाय घरच्या प्रश्नाची तिची तालीम तिथेच होते. पहिला डोस घेतलेल्या बाळांच्या घरी दुसऱ्या दिवशी एक फोन करा. सगळ्यांना करायला माणसं पुरत नसतील तर फक्त पहिल्या डोसवाल्यांना करा, गळती तिथेच होते.

दुखणं कमी करणंही शिक्षणाइतकंच मोलाचं. बाळाला आडवं दाबून धरण्याऐवजी आईच्या मांडीवर धरायचं, टोचण्याआधी आणि टोचताना अंगावर पाजू द्यायचं, सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का ते पाहायचं नाही, आणि एकाच दिवशी दोन लसी असतील तर जास्त झोंबणारी शेवटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीही याच आहेत.

जी घरं ‘बघू’ म्हणतायत त्यांच्याशी बोलायची पद्धत वेगळी. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात प्रसूती वॉर्डातच बाळंतिणींशी अशा प्रकारे बोलण्याचा कार्यक्रम राबवला गेला आणि त्याचा उपयोग दिसला. आधी ऐकायचं, माहिती द्यायला परवानगी मागायची, थोडकं सांगायचं, पुन्हा विचारायचं. व्हिडिओ पाहिलेल्या आईशी ते असं होईल:

“नको ताई, तो व्हिडिओ पाहिल्यापासून ह्यांची इच्छा नाही.”
“काय दाखवलंय त्यात?”
“मुलींना पुढे दिवस राहत नाहीत म्हणे.”
“मुलीच्या पुढच्या आयुष्याची गोष्ट आहे, विचार पडणारच. मला यातलं जे माहीत आहे ते सांगू?”
“सांगा.”
“घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला यांच्या लसी जगभर पन्नासहून जास्त वर्षं लहान मुलांना देतायत. तेव्हा घेतलेल्या मुली आज आया आहेत, कितीतरी आज्या झाल्यात. तुम्हाला स्वतःला लहानपणी दिली होती का, आईला विचारून बघा. आता काय वाटतंय?”

इथे थांबायचं. ती लगेच ‘हो’ म्हणणार नाही. “संध्याकाळी ह्यांच्याशी बोलायला येऊ का?” एवढंच विचारून निघायचं. आपण सगळे इथेच घाई करतो आणि पुराव्यांचा पाढा वाचायला लागतो. मग ती भीतीला सोडून आपल्याला हरवायच्या मागे लागते.

तुमचं व्याख्यान का लागू पडलं नाही, याचं एक कारण श्रोत्यांत सापडेल. समोर कोण बसलं होतं? बहुधा ज्यांची मुलं वेळेवर लस घेतात तीच माणसं. ज्यांच्या शब्दावर घरचा निर्णय होतो ते आजी-आजोबा आणि बाप तिथे नसतात, आणि ज्यांना शंका असते त्यांचा शंभर जणांपुढे हात वर होत नाही. आठ ते बारा जणांची, अर्ध्या-पाऊण तासाची बैठक घ्या, तीही कुणाच्या तरी अंगणात. पहिली दहा मिनिटं फक्त प्रश्न गोळा करा. एकालाही लगेच उत्तर देऊ नका.

पत्रकांवर आजारी मुलांची भेदक छायाचित्रं असतील तर ती काढा. २०१४ साली अमेरिकेत पालकांवर झालेल्या एका प्रयोगात चार तऱ्हेचे संदेश वापरून पाहिले: गैरसमजाचं खंडन, आजारांच्या धोक्यांची माहिती, आजारी मुलांची छायाचित्रं आणि मरता मरता वाचलेल्या बाळाची हृदयद्रावक हकिगत. एकानेही लस देण्याचा इरादा वाढला नाही. छायाचित्रं पाहिलेल्यांत तर लस आणि ऑटिझमचा संबंध असावा ही समजूत उलट बळावली. भीतीने माणूस सावध होतो, पण कशापासून सावध व्हायचं ते आपल्या हातात राहत नाही.

आता अफवा. एक वही करा. तारीख, अफवा जशीच्या तशी लोकांच्या शब्दांत, कुठे ऐकली, किती ठिकाणी ऐकली, तिच्या पोटात कोणता प्रश्न आहे, काय केलं, कुणी केलं. एकाच गल्लीत एकाच माणसाच्या तोंडी असलेली अफवा जाहीरपणे खोडू नका. ज्यांनी ऐकली नाही त्यांनाही ती कळते. त्या माणसाशी गाठून बोला. दोन-तीन वेगळ्या ठिकाणांहून ऐकू आली की नेहमीच्या बैठकांत प्रश्नाच्या रूपात घ्या. सत्रावरची गर्दी घटली, किंवा कार्यकर्त्यांशी दमदाटी सुरू झाली, की २४ तासांच्या आत उत्तर गेलं पाहिजे. मूळ व्हिडिओवर लाल फुली मारून ‘हे खोटं आहे’ म्हणून पुढे पाठवू नका; लक्षात व्हिडिओ राहतो, फुली पुसते. त्याऐवजी ओळखीच्या आवाजातला मिनिटभराचा व्हॉइस मेसेज पाठवा. आधी खरं काय ते सांगायचं, मग अफवेचा एकदाच उल्लेख, ती कुठे चुकते ते, आणि शेवटी पुन्हा खरं काय ते.

अफवेच्या पोटातला प्रश्न ओळखणं का महत्त्वाचं, हे नायजेरियातल्या कानो राज्यात दिसलं. २००३ मध्ये तिथे पोलिओच्या लसीने वंध्यत्व येतं या संशयावरून मोहीम थांबली ती पुढच्या वर्षापर्यंत, आणि विषाणू तिथून दुसऱ्या देशांत पसरला. १९९६ च्या मेंदूज्वराच्या साथीत तिथल्या मुलांवर एका परदेशी औषध कंपनीने केलेल्या चाचणीचा वाद लोकांच्या मनात होता. म्हणजे प्रश्न ‘लसीत काय आहे’ एवढाच नव्हता, ‘ती देणारे कोण’ हा होता. तो सुटायला स्थानिक आणि धार्मिक नेतृत्वाचं समाधान व्हावं लागलं, आणि लस इंडोनेशियातून आणावी लागली. तुमच्याकडचा व्हिडिओ कुणाबद्दलचा जुना राग उकरतोय, ते विचारून पाहा.

ऑटिझमबद्दल तुमच्यापाशी माहिती असू द्या: एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लसीशी ऑटिझमचा संबंध सुचवणारा १९९८ चा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला मूळ लेख अवघ्या १२ मुलांवरचा होता, २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी मुख्य लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांचं नाव ब्रिटनच्या वैद्यक नोंदणीतून काढण्यात आलं. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात एमएमआर घेतलेल्यांत ऑटिझम जास्त आढळला नाही. पण आईला हे सगळं ऐकवून उपयोग कमीच. तिला पटतं ते असं: ही लस साधारण वर्षाच्या आसपास देतात, आणि मूल बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, हे लक्षात यायचं वयही साधारण तेच. दोन्ही एकामागून एक दिसलं की संबंध जोडला जातो.

‘लस घेतलेल्यांनाही गोवर झालाच की’ याला कागदावर हिशेब मांडून दाखवा. समजा १,००० मुलं आहेत, ९५० जणांनी दोन डोस घेतलेत, ५० जणांनी एकही नाही, आणि गोवर सगळ्यांपर्यंत पोचला. दोन डोसांचं संरक्षण सुमारे ९७ टक्के, म्हणजे ९५० पैकी २८-२९ मुलं आजारी पडतील. लस न घेतलेल्यांपैकी दहातल्या नऊ जणांना गोवर गाठतो, म्हणजे ५० पैकी ४५. दवाखान्यात दिसणाऱ्या साधारण ७४ रुग्णांपैकी २९ लस घेतलेले. ऐकायला वाईटच वाटतं. पण एकीकडे शंभरातली तीन मुलं, दुसरीकडे शंभरातली नव्वद. हा हिशेब त्यांच्याच हाताने करवून घेतला तर जास्त पटतो.

यातलं काहीच चालत नाही अशी एक वेळ असते: खरोखर अपघात झाला तर. समोआमध्ये जुलै २०१८ मध्ये एमएमआर टोचल्यानंतर दोन बाळं दगावली. लस निर्दोष होती. भुकटी कालवताना तिच्या द्रावणाऐवजी मुदत संपलेलं भुलीचं औषध वापरलं गेलं होतं. मात्र लसीकरण कित्येक महिने बंद राहिलं, विश्वास उडाला, आणि २०१९ च्या गोवराच्या साथीत ८३ जण मेले, त्यात बहुतेक लहान मुलं. तेव्हा चौकशीआधीच ‘लसीचा काही संबंध नाही’ असं बोलू नका. त्याच दिवशी त्या घरी जा. कुप्या, द्रावण, बॅच क्रमांक बाजूला काढून सील करा. काय माहीत आहे, काय माहीत नाही, पुढची माहिती कधी देणार, हे सांगा आणि त्या वेळी सांगण्यासारखं काही नसलं तरी जा. दुष्परिणामांच्या तक्रारींनंतर जपानने जून २०१३ मध्ये एचपीव्ही लसीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या लसीची) सक्रिय शिफारस थांबवली, ती पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २०२२ उजाडला. मधल्या काळात लस घेणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवरून एका टक्क्याच्याही खाली गेलं.

एवढं करूनही काही घरं नाहीच म्हणतील. त्यांची नावं वस्तीत घेऊ नका, इतर सेवा अडवू नका, दर दोन-तीन महिन्यांनी सहज चौकशीला जात राहा. त्यांना एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवा: वस्तीत गोवराचा रुग्ण निघाला आणि आपलं मूल त्याच्याजवळ होतं असं कळलं, तर ७२ तासांच्या आत दिलेल्या लसीचाही उपयोग होऊ शकतो. अंगावर पुरळ आणि ताप दिसला तर दवाखान्यात यायच्या आधी फोन करा म्हणावं, म्हणजे बाकीच्या बाळांच्या रांगेत न बसवता वेगळ्या दाराने आत घेता येईल. तुमचा नंबर त्यांच्याकडे असू द्या.